गाळाचं रान

“आज्जी, जागा कुणाची म्हणून लिहू?”

पल्लवी, माझी नात, ओट्यावर मांडी घालून बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर अर्ज. मी समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

“देवीची म्हणून लिही.”

“तसं चालत न्हाई. हितं रकाना हाय, जागेची मालकी. माणसाचं नाव लागतं.”

“मग लिही, मालकीण गाळजाई देवी, आन् खाली तिची पुजारीण, आनसाबाई गणपत नलावडे. देवीला सही येत न्हाई म्हणावं, पुजारणीला तेवढी येतीया.”

एरवी असल्या बोलण्यावर पोरगी खिदळायची. त्या दिवशी नुसती पेनाचं टोपण चावत राहिली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर ओल्या खपल्या होत्या. आदल्या दिवशी पुन्हा डांबरी रस्त्यावर पडली होती. आमच्या गावच्या पोरी खो-खो खेळायच्या त्या शाळेपुढच्या रस्त्यावर, कारण शाळेला पटांगण असं नव्हतंच. एसटी आली की डाव थांबायचा, गेली की पुन्हा सुरू. तरी त्या साली पोरी तालुक्यात दुसऱ्या आल्या होत्या. पल्लवी त्यांची कप्तान. तिच्या गुडघ्यांना हळद मीच लावायची, आणि लावताना शिव्याही मीच द्यायची.

“लिही की गं. शाई वाळली का?”

“लिहिते,” म्हणाली, आणि लिहिलं. मी खाली सही ठोकली. सहीपुरतं मला येतं.

अर्ज होता ‘आपला तालुका निधी’चा. तालुक्यातल्या आणि तालुक्यातून बाहेर गेलेल्या लोकांनी वर्गणी घालून तो उभा केला होता. दर साली एकेका गावाला एका कामाला मदत द्यायचे. पोरांचे खेळ, तरुणांचं काही काम, नाहीतर गावातलं जुनं काही सांभाळायचं असेल तर ते. त्या साली आमच्या पिंपळदऱ्याची पाळी होती, आणि मदत माझ्या गाळजाईलाच मिळणार हे मी धरून चालले होते. तिच्यावर दगडी खांबांचा मंडप व्हायचा होता. पुढच्या खांबावर माझ्या मालकांचं नाव यायचं होतं.

गाळजाई कुठली, ते सांगते. गावाच्या खालच्या अंगाला एक बुजत आलेलं तळं आहे. त्याच्या काठाला दोन एकरांचा सपाट तुकडा, गाळाचं रान. तळ्याचा गाळ साचून झालं म्हणून गाळाचं, असं सगळेच म्हणत. ते कुणाचंच नव्हतं, म्हणजे गावाचं होतं. कुंभार तिथून माती न्यायचे, त्यांची गाढवं तिथं चरायची, लग्नाची वऱ्हाडं उतरायची, पोरं सुरपाट्या खेळायची. आमचं शेत त्याला लागून. भावकीच्या वाटणीत आमच्या वाट्याला मुरमाड आलं, आणि बांधापलीकडं ही लोण्यासारखी जमीन गाढवांच्या पायाखाली.

पुढची हकिकत गावात सांगतात ती अशी. मालक वारल्याच्या दुसऱ्या वर्षी, पल्लवी पाळण्यात असताना, देवी आनसाक्काच्या सपनात आली. हिरवं लुगडं, मोकळे केस. म्हणाली, “तळ्याच्या काठाला पालथी पडलीया मी. मला उठीव. माझ्या रानात बशीव. माझं रान राख.” सकाळी दिनकरानं, माझ्या लेकानं, काठावरची शिळा पहारीनं उलथली. वरच्या टोकाला चंद्रसूर्य दिसले, बाकी सगळा वाळून दगड झालेला चिखल. तो धुवायलाही मी थांबले नाही. दुपारच्या आत तिला शेंदूर फासला. रानाच्या मधोमध चौथरा बांधला, भोवती कुंपण घातलं. देवीचं रान देवीच्या नावानं पिकवायचं ठरलं. पीक आमच्या घरात यायचं.

आडवी आली ती एकटी चंद्रा कुंभार. माझ्याच वयाची, आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलो. गाढवं घेऊन ती कुंपणाशी उभी राहिली आणि म्हणाली, “आनसा, सपान तुला पडलं आन् कुंपण आमाला व्हय?”

मी कुंपणाच्या आतून तिला शिवी दिली. तिच्याच जनावरावरून, तिच्या आईवरून. कसली ते इथं सांगत नाही. ज्याला कळायची त्याला कळली. चार बाप्ये उभे होते ते खाली बघायला लागले. चंद्रा गाढवं वळवून गेली. त्यानंतर चौदा वर्षं आम्ही बोललो नाही. आनसाक्काच्या तोंडाला लागू नये, असं गाव म्हणायचं. मला ते मानाचं वाटायचं.

आणि दिनकर? त्यानं देवीला जीव लावला. पहिल्या पिकाचे चांदीचे डोळे घडवून आणले आणि शेंदरावर बसवले. दर मंगळवारी कडक उपास. देवीच्या रानात कायम अनवाणी, नवरात्रात तर नऊ दिवस सगळीकडं. पायाला भेगा पडून रक्त यायचं, पण चप्पल नाही. “आई, देवीनं आपलं घर निवडलं,” असं म्हणायचा. म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडं बघायची.

तर अर्ज गेला. पंधरा दिवसांनी निधीच्या शिंगटे मॅडम आल्या. तरणी बाई, स्वतःच स्कूटर चालवत आलेली. चहा घेतला आणि पिशवीतून दोन कागद काढले.

“आक्का, पिंपळदऱ्यातून दोन अर्ज आलेत. एक देवीच्या मंडपाचा, एक मुलींच्या खो-खोच्या मैदानाचा. आणि दोन्ही एकाच जागेसाठी आहेत.” बाईंना हसू आवरेना. “दोन्हींचं अक्षरही एकच आहे.”

मी दाराकडं बघितलं. पल्लवी चौकटीला टेकून उभी होती.

“पोरींच्या अर्जात मालकीच्या रकान्यात काय लिवलंय?” मी विचारलं.

शिंगटे मॅडमनी वाचलं, “‘माहीत नाही. गावात विचारावं.’”

“घरभेदी!” मी ओरडले. “माझ्या पानात जेवून माझ्याच मुळावर उठली!”

“आज्जी, तुझा अर्जबी मी नीट लिवला,” पल्लवी म्हणाली. ती चौकटीपासून हलली नाही. “एक काना-मात्रा चुकवली न्हाई.”

मॅडमनी हात वर केला. “ऐकून घ्या, आक्का. जुन्या गोष्टींसाठी मदत द्यायची तर ती किती जुनी, काय आहे, ते बघावं लागतं. आमचे तांबोळी सर बघतील. त्यासाठी शेंदूर उतरवावा लागेल. तुमची हरकत असेल तर आम्ही बोटही लावणार नाही. मग फक्त मैदानाचा अर्ज धरू.”

त्या क्षणी नको म्हणाले असते तर मंडप गेला असता, इतकंच. पण पोरीनं मला दारात उभं राहून उत्तर दिलं होतं.

“हरकत? मला? काढा की! माझी देवी तुमच्या आज्याच्या पणज्याहून थोरली हाय. येत्या मंगळवारी काढा, अख्ख्या गावाम्होरं काढा. मी सवता सगळ्यास्नी बोलावते.”

रात्री जेवताना दिनकर म्हणाला, “आई, देवीच्या अंगाला हत्यार लावायचं?”

“हत्यार कशाला? त्याल लावत्यात. शेंदराची खोळ पडली की देवी नवी हुती. चांगलं असतंय ते.”

“मग ठीक,” म्हणाला. माझ्या शब्दावर तो असा मान हलवायचा.

मंगळवारी सकाळी गाव लोटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी कुंपणाचं फाटक सताड उघडलं होतं. बाया ओटीची ताटं घेऊन, पोरी एका बाजूला घोळक्यानं. मी ठेवणीतलं इरकल नेसून खुर्चीवर. तांबोळी सर आले. तालुक्याच्या गावाला राहायचे, पण आमच्या शाळेत बावीस वर्षं मास्तर होते. दिनकर त्यांच्याच हाताखाली शिकला. जुनी अक्षरं वाचायचा त्यांना नाद. त्यांनी पायताण फाटकाबाहेर काढलं, मला नमस्कार केला, कोमट तेल मागितलं आणि बांबूची चोय घेऊन कामाला बसले.

शेंदूर इंचभर जाड होता. तेल मुरलं तसे पोपडे सुटायला लागले. आधी चांदीचे डोळे पडले. दिनकरानं टोपी काढून ते टोपीत झेलले. डोळे होते तिथं अक्षरं निघाली.

“अक्षरं! अक्षरं हायत!” माणसं पुढं सरकली.

“बघा!” मी म्हटलं. “वर चंद्रसूर्य, खाली अक्षरं. हाय का कुणाच्या घरात असली देवी?”

सर मधली अक्षरं पुसत खाली आले. खालच्या अंगाला काही जनावर कोरलेलं होतं. पाय निघाले, पोट निघालं.

“वाघ हाय, वाघ! देवीचं वाहन!” कुणीतरी ओरडलं.

“वाघच,” मी म्हटलं. “दुसरं काय असणार?”

सरांचा हात मंदावला. मग थांबला. त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि खालच्या भागावर टाकलं. “आक्का, खालचं फार झिजलंय. ते राहू द्या. वरच्या अक्षरांवरून दगड जुना आहे हे सिद्ध होतं. माझं काम झालं.”

“तुमचं झालं, गावाचं कुठं झालं? काढा फडकं. वाघ बघू द्या लोकास्नी.”

“आक्का…”

मीच उठले आणि फडकं ओढलं.

गर्दीतून काठी टेकत चंद्रा कुंभार पुढं आली. आल्याचं मला ठाऊकही नव्हतं. चौथऱ्याशी वाकली, डोळे बारीक केले.

“वाघ न्हवं गं, आनसा,” ती म्हणाली. चौदा वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. “कान बघ. गाढाव हाय हे. आमच्या जन्माची वळख हाय, आमी न्हाई चुकायचो.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“आन् खाली…” चंद्रा आणखी वाकली. मग एकदम ताठ झाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. “खाली बाई हाय.”

पुढच्या बायांनी बघितलं आणि माना फिरवल्या. एकीनं ओटीचं ताट पदराखाली घेतलं. पोरींना कुणीतरी मागं ढकललं. मला दिसत होतं ते इतकंच, की एक दगड आणि त्याच्यावर दोन आकृत्या. कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

“मास्तर, काय लिवलंय वर?”

“घरात बसून सांगतो, आक्का.”

“घरात का म्हणून? माझ्या देवीनं चोरी केलीया व्हय? चार लोकांत वाचा. का मास्तर असून अक्षर लागंना?”

सरांनी दिनकराकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागले. भाषा आपलीच वाटत होती, पण लांबून कुणी बोलावं तशी. ‘तळेयाची भूमि’, एवढं मला समजलं. ‘समस्तां लोकां’, हेही.

“कुठल्यातरी राजाच्या कारभाऱ्यानं तळ्याकाठची ही जमीन अख्ख्या गावाला दिली,” सर म्हणाले. “तळं राखायला, गुरांना चरायला, माणसांना वापरायला. चंद्रसूर्य आहेत तोवर. म्हणून वर ते कोरलेत. आक्का, ही देवी नाही. दगडावर लिहिलेलं दानपत्र आहे. सातआठशे वर्षांचं असेल. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात.”

“गाळ म्हणजे तळ्यातला?” शिंगटे मॅडमनी विचारलं.

“नाही. शिवीगाळ म्हणतो ना आपण, त्यातला गाळ. गाळ म्हणजे शिवी.”

गाळाचं रान. चाळीस वर्षं मी ते नाव तोंडानं घेत होते.

“कुणाला शिवी?” हे मीच विचारलं. का विचारलं, मला अजून उमगत नाही.

सर खाली बघत म्हणाले, “जो ही जमीन गावाकडून काढून घेईल, त्याला. म्हणजे… त्याच्या आईला. वर लिहिलंय तेच खाली कोरलंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी.”

तीच शिवी होती. चौदा वर्षांपूर्वी त्याच कुंपणाशी मी चंद्राला दिली होती तीच. माझी नुसती तोंडानं दिलेली होती, ही दगडात कोरलेली.

सगळ्यांनी आधी दिनकराकडं बघितलं, कारण रान कसत होता तो. मग एकेक करून डोळे माझ्याकडं वळले, कारण आई मी. इरकल अंगावर जड झालं.

दिनकर टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता. टोपीत चांदीचे डोळे. तो माझ्याजवळ आला. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. लहानपणी काही हरवलं की विचारायचा तसं त्यानं विचारलं,

“आई, मग सपनात आलती ती कोण?”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी लेकाकडं बघितलंच नाही. तांबोळी सरांवर तुटून पडले.

“ह्येला आणलं कुणी हितं? तांबोळ्याला देवीचं काय कळतंय? ज्याच्या घरात देव्हारा न्हाई त्यानं माझ्या देवीला हात लावला, म्हणून हे असलं निघालं!”

शिंगटे मॅडम “आक्का!” म्हणून पुढं झाल्या. सरांनी त्यांना हातानं थांबवलं. फडकं झटकलं, घडी घातली.

“बरोबर आहे, आक्का,” ते म्हणाले. “देवीचं मला कळत नाही. दगडावरचं थोडंफार वाचता येतं.”

मग त्यांनी ती घडी उलगडली आणि दगडाच्या खालच्या भागावर पुन्हा टाकली, आणि तसेच फाटकाकडं गेले. मघाशीसुद्धा त्यांनी ते माझ्यासाठीच टाकलं होतं. दिनकर धावत मागं गेला. सरांचं पायताण त्यानं सरळ करून ठेवलं, पिशवी खांद्याला घेतली आणि एसटीपर्यंत त्यांना पोचवायला गेला. माझ्याकडं वळून बघितलं नाही.

बाया ओटी न भरता परत गेल्या. तांदूळ, खण, नारळ, ताटात होतं तसं.

दिवेलागणीला दिनकर माझ्यासमोर येऊन बसला. मी सुपात तांदूळ निवडत होते. खुंटीला टोपी अडकवलेली होती, डोळ्यांच्या वजनानं एका बाजूला कललेली.

“आई.”

“रान सोडून देऊ,” मी म्हटलं. “कुंपण काढ उद्या.”

“ते तर काढणारच. मी सपनाचं विचारतोय.”

सपान पडलंच नव्हतं. मालक गेल्यावर दोन वर्षं मला धड झोप नव्हती, सपान कुठलं पडतंय? हिरवं लुगडं, मोकळे केस, सगळं मी एका सकाळी पीठ मळता मळता ठरवलं होतं. गावाला सांगायला म्हणून ठरवलं. लेकाला वेगळं काही सांगायचं राहून गेलं. मग त्यानं डोळे घडवून आणले, मग उपास धरले, मग पायातली चप्पल सोडली. दर साली ते जास्तच अवघड होत गेलं. इतकं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी तांदळातला खडा शोधत राहिले.

शेवटी तो गुडघ्यावर हात ठेवून उठला.

“शुक्रवारी ग्रामसभा हाय. तितं सपनाचं काढू नगंस, आई. नुसतं ‘सोडलं’ म्हण. तेवढं बास हाय.”

शुक्रवारी मी चावडीपुढं उभी राहिले. शिंगटे मॅडम होत्या, पोरी होत्या, गाव होतं. तोंडात एकच शब्द घोळवत आले होते, सोडलं. एवढासा शब्द. पण समोर तीच माणसं बसली होती, ज्यांनी मंगळवारी माझ्याकडं वळून बघितलं होतं. माझी मान आपोआप ताठ झाली.

“काल रातच्याला,” मी म्हटलं, “माझ्या सपनात…”

दिनकरानं डोळे मिटले. मला ते दिसलं, तरी माझं तोंड थांबलं नाही. “सपनात आली, आन् म्हणाली, आनसा, माझं रान पोरींना दे. मला काठाला माझ्या जागेवर नेऊन ठेव.”

मागून चंद्राचा आवाज आला.

“आनसा, ह्या बारीला लुगडं कंच्या रंगाचं हुतं गं?”

सभा फुटली. म्हातारे हसले, बाया हसल्या, सरपंच तोंडावर हात धरून हसला. त्याआधी पिंपळदऱ्यात माझ्या तोंडावर कुणी हसल्याचं मला आठवत नाही. चंद्रा मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात जिंकल्याचं काही नव्हतं, कीव होती. पल्लवीही हसली नाही. ती खाली बघून गुडघ्यावरची खपली काढत होती. मी बसले.

मदत मैदानाला मिळाली. रान रुळानं दाबून घेतलं, खो-खोचे खांब रोवले. दगड काठाला होता तिथं उभा केला, सावलीपुरतं छप्पर घातलं. पाटीवरचा मजकूर तांबोळी सरांनी लिहून दिला, आणि त्यात आमच्या घरचं नाव कुठंही घातलं नाही. सर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या दारात जायचं म्हणून मी दोनदा एसटीत बसले आणि दोन्ही वेळा मधल्याच थांब्यावर उतरून परत आले. पल्लवी आता त्याच मैदानावर पोरींना शिकवते. मी तिकडून जात नाही. लांबच्या वाटेनं जाते.

पण मी सांगत होते ते त्या आठवड्याचं. सभेनंतरचा मंगळवार आला. सुनेनं सवयीनं शाबूची खिचडी केली होती. दिनकर शेतातून आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. मी खिचडीची ताटली त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं ती हातानं बाजूला सारली.

“भाकरी हाय का?”

“आज मंगळवार हाय रं.”

“ठाव हाय.”

मी दुरडीतून भाकरी काढली. कालवण वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवायला लागला. तळ्याकडून पोरींचा आवाज येत होता, “खो… खो…” मी आणखी एक भाकरी वाढली. तो नको म्हणाला नाही. जेवला, ताट उचललं, स्वतःच धुऊन पालथं घातलं, आणि चपला घालून गाळाच्या रानाकडं गेला.